पाणी कुठवर येते?

शाळांना सुट्ट्या लागल्या की हल्ली घराघरांत एकच विषय निघतो. या वेळी तंबूत राहायला जायचे! पूर्वी सुट्टी म्हणजे नानीचे गाव, आंब्याची झाडे आणि अंगणातल्या खाटा. आता मुले मोबाइलवर पवनेच्या, भंडारदऱ्याच्या, कोलाडच्या तंबूंचे फोटो दाखवतात. मुलांचा हट्ट वावगा नाही. चार भिंतींतून बाहेर पडावे, रात्री तारे पाहावेत, शेकोटीभोवती बसून सगळ्यांनी मिळून जेवावे, यात चांगलेच आहे. पण असे तंबू बहुतेक पाण्याच्या काठावर असतात, आणि पाणी दिसले की लहानथोर सगळ्यांनाच त्यात उतरावेसे वाटते. म्हणून निघण्यापूर्वी खाण्यापिण्याच्या यादीइतकीच पाण्याचीही तयारी हवी. आमच्या घरात ही तयारी कशी झाली, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

आम्ही तीन भावंडे. मूळ गाव महाडजवळ, सावित्रीच्या काठी. आता एकाचे घर मुंब्र्यात, एकाचे पनवेलला आणि बहीण पुण्यात. अम्मी आलटून पालटून तिघांकडे असतात. नदीकाठच्या गावात वाढूनही आम्हा तिघांपैकी एकालाही पोहता येत नाही. याचे कारण आमचे मामू. पन्नास वर्षांपूर्वी, ऐन विशीत, ते सावित्रीत बुडाले. आम्ही त्यांना पाहिलेले नाही, घरात त्यांचा फोटोही नाही. पण त्यांच्या जाण्याने घरात एक कायदा झाला: पाण्यापासून लांब राहायचे. आमचे लहानपण याच कायद्यात गेले आणि पुढे आमच्या मुलांनाही तोच लागू झाला.

30 जून 2024 ची बातमी वाचकांना आठवत असेल. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुले होती. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभ्या असलेल्या त्या माणसांची चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. आमच्या मुलांनीही पाहिली. त्या रात्री बहिणीच्या मुलीने विचारले, "हे लोक कुठे पोहायला गेले होते? ते तर नुसते उभे होते. मग पाणी एवढे वाढले कसे?"

प्रश्न बरोबर होता. 'लांब राहा' या दोन शब्दांत पाणी कसे वाढते ते मावत नाही. वरच्या डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असले तरी ओढा काही मिनिटांत फुगतो. घोट्याएवढे पाणी गुडघ्याला लागते, आणि वेगाचे पाणी गुडघ्याला लागले की धडधाकट माणसाचेही पाय उचलले जातात. पाण्याचा रंग एकाएकी गढूळ होणे, काड्या-पाने वाहून येऊ लागणे, वरच्या अंगाने घरघर ऐकू येणे, ही सगळी 'आत्ताच बाहेर पडा' अशी सूचना असते. हे कळायला पोहता यावे लागत नाही. पण कुणीतरी सांगावे लागते.

त्यानंतर आम्ही ठरवले की मुलांना नदी दाखवायची, पण पावसाळ्यात नाही. डिसेंबरच्या सुट्टीत कोलाडला जायचे, दोन दिवस राहायचे आणि जाणत्या लोकांबरोबर नदीत उतरायचे. अम्मींना सांगायचे कसे, हा मोठा प्रश्न होता. त्या ऐकून घेतील आणि नाही म्हणतील असे वाटले होते. त्या बराच वेळ तसबीह फिरवत बसल्या आणि म्हणाल्या, "मीपण येते. मुलं पाण्यात जाणार असतील, तर मी घरी बसून काय करू?"

कोलाडच्या कुंडलिका नदीची एक गोष्ट सर्वांनी जाणून घेण्यासारखी आहे. कोकणातल्या बहुतेक नद्या डिसेंबरनंतर रोडावतात, पण कुंडलिकेत उन्हाळ्यातही जोरकस पाणी असते. ते पावसाचे नसते. घाटावर मुळशी धरणात अडवलेले पाणी मोठ्या पाइपांतून सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येते. तिथे वीज तयार झाली की ते कुंडलिकेच्या खोऱ्यात सोडले जाते. पाणी सुटले की नदी भरते, थांबले की ओसरते. रबरी होड्यांतून नदीप्रवास करवणारे लोक सकाळच्या याच पाण्याची वाट पाहत असतात. म्हणजे इथे आकाशाकडे पाहून नदीचा अंदाज येत नाही. निरभ्र आकाशाखाली, कडक उन्हातही पाणी चढते.

धरणाखालच्या प्रत्येक नदीला हे लागू आहे. 8 जून 2014 रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रातल्या खडकांवर हैदराबादचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी फोटो काढत उभे होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडले गेले आणि 24 विद्यार्थी वाहून गेले. खडक कोरडे होते, पाणी लांब होते, आणि थोड्याच वेळात तिथे नदी आली. म्हणून धरणाखालच्या नदीवर मुक्काम करायचा तर पहिली चौकशी हीच करायची: पाणी कधी सोडतात, भोंगा वाजतो का, आणि वाजला तर किती वेळ मिळतो?

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. मुक्कामाचे तंबू उंच जागेवर, आमराईत होते. पण आम्ही घरून एक छोटा तंबूही नेला होता आणि तो नदीकाठच्या वाळूवर लावायचा, असे मुलांनी आधीच ठरवून टाकले होते. वाळू मऊ, सपाट आणि कोरडी होती. मुले खुंट्या ठोकायला निघाली, इतक्यात अम्मी काठी टेकत खाली उतरल्या. दगडावर एक बाई कपडे धूत होती. अम्मींनी तिला विचारले, "बाय, पाणी कुठवर येतं गं?"

त्या बाईने बोट वर केले. वाळूच्या पलीकडे, आमच्या कमरेएवढ्या उंचीवर, झुडपांच्या फांद्यांत वाळलेले गवत आणि प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. "पावसात तिथवर. आत्ता सकाळी सोडतात तेव्हा ही वाळू बुडते."

अम्मींनी मुलांकडून तीन दगड आणवले. एक पाण्याच्या काठाशी, दुसरा त्याच्या चार पावले वर आणि तिसरा वाळूच्या टोकाला ठेवायला लावला. महाडच्या पुरात आमच्याकडे असेच करतात. पायरीवर खूण करायची आणि पाणी कितीला कुठवर चढले ते बघत राहायचे. मुलांचा तंबू आमराईत गेला. थोडी कुरकुर झाली, पण तीन दगडांचे पुढे काय होते, याची उत्सुकता त्याहून जास्त होती.

संध्याकाळी एक माणूस छोटी होडी घेऊन आला. पाणी ओसरलेले, नदी अगदी संथ. मुलांना एक चक्कर मारून आणतो म्हणाला. आम्ही जॅकेट मागितले, तर हसून म्हणाला, "एवढ्या पाण्याला जॅकेट कशाला? मी आहे ना!" आम्ही नको म्हटले. मुले हिरमुसली. होडीवाल्याच्या शब्दावर नाही, जॅकेटवर विश्वास ठेवायचा, हे घरूनच ठरलेले होते. 7 मे 2023 रोजी केरळात तानूर इथे पर्यटकांची बोट उलटून 22 जण गेले. त्यातले बरेच जण एकाच कुटुंबातले होते. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. अशा वेळी 'नको' म्हणणे अवघड जाते, कारण मुले रडवेली होतात आणि समोरचा माणूस आपल्याला भित्रे समजतो. समजू द्यावे.

त्यानंतर नदीप्रवास करवणाऱ्या चमूतल्या गाइडने सगळ्यांना एकत्र बसवून दुसऱ्या दिवसाची माहिती दिली. तो जवळच्याच गावचा तरुण होता. त्याने एका पिशवीतून दोर काढला, पिशवी हवेत फेकली आणि दोर उलगडत थेट पलीकडच्या दगडावर जाऊन पडला. "कोणी पाण्यात पडलं तर कोणीही मागे उडी मारायची नाही," तो म्हणाला. "बुडणारा माणूस समोर येईल त्याला मिठी मारतो. तो शत्रू म्हणून नाही मारत, श्वासासाठी मारतो. चांगला पोहणाराही त्याच्याबरोबर खाली जातो. आधी हात नाही, काठी. काठी नाही पोहोचली तर दोर. दोर नसेल तर ओढणी, साडी, रिकामा कॅन. काहीतरी फेका. स्वतः जाऊ नका."

अम्मी मागे खुर्चीवर बसून ऐकत होत्या. रात्री जेवणे झाली, मुले शेकोटीपाशी गेली, तेव्हा त्या आपणहून बोलू लागल्या. आम्ही हे कधीच ऐकले नव्हते. मामूंना उत्तम पोहता येत होते. गावात त्यांच्याइतका चांगला पोहणारा दुसरा नव्हता. त्या दिवशी ते पोहायला गेलेच नव्हते. त्यांचा मित्र डोहात पडला, ओरडू लागला, आणि मामूंनी कपड्यांसकट उडी घेतली. मित्राने त्यांच्या गळ्याला मिठी मारली. काठावर पाच-सहा माणसे उभी होती. कोणाच्या खांद्यावर टॉवेल होता, एकाच्या डोक्याला फेटा होता, होडीचा दोर खुंटीला बांधलेला होता. "कोणाला सुचलंच नाही," अम्मी म्हणाल्या. "दोघांनाही दुसऱ्या दिवशी काढलं. मी पन्नास वर्षं म्हणत आले, पाण्यानं नेलं. आज तो पोरगा दोर फेकत होता, तेव्हा वाटलं, तिथं दोर तर होता."

आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते.

फजरला उठलो तेव्हा काळोख होता. नदीचा आवाज येत होता आणि वाहत्या पाण्यावर वजू करावे असे दोघा मुलांच्या मनात होते. काठावरचे दगड शेवाळाने निसरडे, खाली पाणी किती ते दिसत नाही, आणि वजू करताना माणूस उकिडवा, पुढे झुकलेला असतो. तोल जायला एवढे पुरते. अम्मींनी बादलीत तांब्या बुडवला आणि म्हणाल्या, "वजूला तांब्याभर पाणी पुरतं. नदी कशाला पाहिजे?" नदीकाठी मुक्कामाला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. बादली आणि तांब्या घरून न्यावा, बॅटरी जवळ ठेवावी आणि अंधारात कोणीही एकटे काठावर जाऊ नये.

सकाळी नऊच्या सुमारास मुलांची आरोळी आली. पहिला दगड गेला! थोड्या वेळात दुसरा. आकाशात ढगाचा पुंजका नव्हता. मग तिसराही पाण्याखाली गेला. जिथे काल तंबूच्या खुंट्या ठोकायच्या होत्या, तिथे आता तांबूस पाणी वेगाने वाहत होते. धाकटा पुतण्या बराच वेळ तिकडे पाहत राहिला. त्याला कोणी काही समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

मग जॅकेटे आली. त्याचीही तपासणी असते. फाटके, बकल तुटलेले, आतला फोम चिरडलेला असे जॅकेट परत करावे. आपल्या मापाचे घ्यावे. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाला घातले तर मूल त्यातून खाली निसटते. सगळी बकले लावून झाली की दुसऱ्याने खांद्यांच्या पट्ट्या धरून वर ओढून पाहावे. जॅकेट हनुवटीच्या किंवा कानाच्या वर सरकले तर ते सैल आहे. डोक्यावर हेल्मेट, पायात घट्ट बसणारे बूट किंवा पट्ट्यांची सँडल हवी. चप्पल नको.

कपड्यांचा प्रश्न आपल्या घरांतून हमखास येतो, आणि बरेचदा त्याचे उत्तर 'बायकांनी काठावर बसावे' असे देऊन टाकले जाते. आमच्याकडेही एका भाऊजींनी तसे सुचवले होते. पण अंग झाकणारा आणि पाण्यात सुरक्षित असा पोशाख सहज होतो. गुडघ्यापर्यंतचा अंगाबरोबरचा कुर्ता, खाली तंग पायजमा, आणि डोक्याला मागे घट्ट बसणारा, न लोंबणारा स्कार्फ. वर जॅकेट आणि हेल्मेट. सैल बुरखा, घेरदार सलवार आणि लांब ओढणी मात्र घालू नये. पाण्याने कापड जड होते, पायांत गुंडाळते, फांदीत अडकते. आमच्या दोन्ही भाबी आणि मोठ्या मुली अशाच पोशाखात होडीत बसल्या. वयाची अट चौदा वर्षांची होती, त्यामुळे धाकटी मुले अम्मींबरोबर वर थांबली.

मधल्या एका खळाळात होडी उसळली आणि मोठा पुतण्या बाहेर फेकला गेला. पोहता येत नसलेला मुलगा वेगाच्या पाण्यात! पण त्याला काय करायचे ते आदल्या संध्याकाळी सांगितलेले होते. तो पाठीवर झाला, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेने केले, पायाची बोटे पाण्याबाहेर ठेवली. उभे राहायचा प्रयत्न केला नाही. वेगाच्या पाण्यात उभे राहू गेले तर पाऊल खालच्या दगडांच्या फटीत अडकते आणि प्रवाह माणसाला पुढे दाबतो. त्याला झोपून वाहत येऊ दिले, गाइडने दोर फेकला, जवळ आल्यावर जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्या धरून आत ओढले. हे सगळे अर्ध्या मिनिटात झाले. त्याची अम्मी समोरच बसली होती. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, पण तिने वल्हे सोडले नाही.

ओढणीबद्दल आणखी एक. ऑगस्ट 2020 मध्ये तामिळनाडूच्या पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणाच्या पाण्यात चार तरुण बुडत होते. काठावरच्या तीन महिलांनी क्षणाचाही विचार न करता अंगावरच्या साड्या सोडल्या, एकमेकींना बांधल्या आणि पाण्यात फेकल्या. दोघे वाचले. आमच्या मुलींना आम्ही ही हकिकत मुद्दाम सांगितली. जीव वाचवण्याची वेळ आली तर अंगावरच्या कापडाचा विचार करत थांबायचे नाही.

काठावर राहणाऱ्यांसाठीही नियम हवेत. पाण्याजवळ मुले असतील तेव्हा एका मोठ्या माणसाचे काम फक्त पाहणे, एवढेच. मोबाइल नाही, गप्पा नाहीत, चहा नाही. दर वीस मिनिटांनी माणूस बदलायचा आणि 'आता माझी पाळी' असे तोंडाने म्हणायचे. सगळे जण आहेत म्हणजे कोणीतरी बघत असेल, या समजुतीतच मूल हातचे जाते. बुडणारे मूल चित्रपटात दाखवतात तसे ओरडत नाही, हात हलवत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीशी वरखाली होते, डोके मागे जाते, आणि ते गप्प असते. खेळणारे मूल एकाएकी गप्प झाले, तर तिकडे धावावे. बंधाऱ्याच्या खाली कधीही उतरू नये. तिथले पाणी वरून शांत दिसले तरी माणसाला आतल्या आत फिरवत ठेवते.

कोणाला बाहेर काढले आणि श्वास नसेल, तर पोट दाबून पाणी काढण्यात किंवा उलटे टांगण्यात वेळ घालवू नये. 108 किंवा 112 ला फोन करायला एकाला सांगावे, आणि दुसऱ्याने लगेच तोंडाने श्वास द्यायला आणि छातीवर दाब द्यायला सुरुवात करावी. तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावेच, कारण फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनीही त्रास देते. हे शिकायला अर्धा दिवस लागतो. मोहल्ल्यातल्या एखाद्या डॉक्टरांना विनंती केली तर ते शिकवतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून गेली. 25 जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून संयुक्त राष्ट्रांनी त्याच वर्षी ठरवला. तीन लाख हा आकडा मोठा आहे. पण ज्या घरातला एक जातो, त्या घरात पन्नास वर्षे तो एकच आकडा असतो.

कोलाडहून परतल्यावर पनवेलच्या दोन मुलींची नावे तरणतलावाच्या महिलांच्या वर्गात घातली. मुलगेही जातात. भावजय म्हणते, आपणही जावे. अम्मींनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही.

त्यांनी फक्त एक काम सांगितले. वीस मीटर नायलॉनचा दोर आणि पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन आणायला लावला. कॅनमध्ये फेकण्यापुरते वजन येईल इतके थोडे पाणी घातले, झाकण घट्ट लावले, दोराचे एक टोक त्याच्या कड्याला बांधले. गावच्या धक्क्यावर, डोहाच्या वरच्या खांबाला, मोठ्या माणसाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर आता तो लटकवलेला आहे. मोहल्ल्यातल्या चार पोरांना फेकायला शिकवले आहे. उन्हाने नायलॉन कुजतो, म्हणून दर पावसाळ्याआधी तो बदलायचा, हे काम आम्हा तिघांकडे आले आहे. या वर्षी मे महिन्यात बहिणीची पाळी आहे.